कंस, तिरकी रेघ, बरोबरचं चिन्ह

१९७२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या आवारात एक अचाट काम हाती घेतलं गेलं. होमरपासून पुढे ग्रीकमध्ये जे जे लिहिलं गेलं आणि टिकून राहिलं, ते सगळं संगणकात उतरवायचं. कल्पना मॅरिअ‍ॅन मॅकडॉनल्ड या तेव्हाच्या संशोधक विद्यार्थिनीची, आरंभीची देणगीही तिचीच. कामाची धुरा थिओडोर ब्रुनर या प्राध्यापकांकडे. प्रकल्पाचं लॅटिन नाव ‘थिसॉरस लिंग्वे ग्रीके’, पण ग्रीकच्या अभ्यासकांमध्ये सगळे त्याला टीएलजी म्हणतात. तेव्हाच्या संगणकांना रोमन लिपीतली मोठी अक्षरं, आकडे आणि मूठभर चिन्हं एवढंच काय ते येत होतं. अल्फाच्या जागी ए, बीटाच्या जागी बी असं करून अक्षरांचं भागलं असतं. अडलं ते अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी बसणाऱ्या बारीक खुणांपाशी. पुढची पन्नास वर्षं ज्यांनी ज्यांनी संगणकावर प्राचीन ग्रीक लिहिलं, त्यांचं घोडं इथेच पेंड खात राहिलं.

या खुणा म्हणजे काय, हे एकदा नीट पाहून घ्यायला हवं, कारण सगळी कटकट त्यांच्या संख्येत नाही, त्यांच्या एकत्र येण्यात आहे. आघाताची चिन्हं तीन: उजवीकडे चढणारा अ‍ॅक्यूट, डावीकडून उतरणारा ग्रेव्ह आणि लाटेसारखा सर्कमफ्लेक्स. मग श्वासाच्या दोन खुणा. शब्द स्वराने सुरू होत असेल तर त्या स्वरावर एकतर ‘इथे ह आहे’ अशी खूण लागते, नाहीतर ‘इथे ह नाही’ अशी. हो, नसल्याचीसुद्धा! मराठीत प्रत्येक ‘आई’च्या डोक्यावर ‘ही हाई नव्हे’ असं लिहायचं झालं तर शाळकरी मुलं संपावर जातील. याखेरीज अल्फा, ईटा आणि ओमेगा या तीन अक्षरांच्या पायाशी कधीकधी एक इवलासा आयोटा बसतो. आता हिशेब करा. लहान अल्फा घेतला, तर श्वासाच्या तीन शक्यता (काहीच नाही, ह आहे, ह नाही), आघाताच्या चार, आणि खाली आयोटा असणं किंवा नसणं. तीन गुणिले चार गुणिले दोन: एकट्या अल्फाची २४ रूपं. मोठी अक्षरं आणखी वेगळी, कारण तिथे या खुणा डोक्यावर न बसता अक्षराच्या डावीकडे येतात.

गंमत अशी की सोफोक्लिसने किंवा प्लेटोने यातली एकही खूण कधी पाहिली नाही. ते मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहीत. खुणांचं श्रेय परंपरेने अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख, बायझँटियमचा अ‍ॅरिस्टोफेनीस याला दिलं जातं. काळ इसवीसनपूर्व २०० च्या आसपासचा. ग्रीक तेव्हा मूळ मुलखाबाहेर दूरवर पसरली होती, आणि जुन्या कवींचे सूर नव्याने शिकणाऱ्यांना कुठून कळणार? कारण ग्रीकचा हा आघात मुळात जोराचा नव्हता, सुराचा होता. वेदपठणातल्या उदात्ताशी त्याचं रक्ताचं नातं आहे. वडिलांसाठीचा शब्द घेतला, तर वैदिक संस्कृतात आणि ग्रीकमध्ये उंच सूर शेवटच्याच स्वरावर लागतो, आणि हा योगायोग नाही. दोन्ही भाषांना तो एकाच आजीकडून मिळाला आहे. आपल्याकडे अशा खुणा वैदिक ग्रंथांच्या पोथ्यांपुरत्या राहिल्या. ग्रीकांनी मात्र नवव्या शतकापासून छोट्या जोडअक्षरी वळणात लिहायला लागल्यावर त्या सरसकट प्रत्येक शब्दावर चढवल्या, तेही बोलण्यातून सूर गेला, ह गेला, आणि कानाला यातलं काहीच ऐकू येईनासं झालं त्यानंतर कित्येक शतकांनी.

छापखान्याने यावर आपल्या पद्धतीने तोडगा काढला. व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसने १४९५ पासून पाच खंडांत अ‍ॅरिस्टॉटल छापला, तेव्हा हस्ताक्षरावरून घडवलेले ग्रीक खिळे वापरले. फ्रान्सच्या राजासाठी क्लोद गारामाँने १५४० च्या दशकात पाडलेल्या ग्रीक खिळ्यांत जोडाक्षरांची तर रेलचेल होती. खिळा म्हणजे अक्षर आणि खूण मिळून एक तुकडा. जितक्या जोड्या, तितकी खणांची पेटी मोठी. टंकयंत्र आलं तेव्हा उलट झालं. तिथे आघाताची कळ वेगळी: ती दाबली की खूण उमटते, पण गाडा पुढे सरकत नाही, आणि मग त्याच जागी अक्षर. म्हणजे खुणेसकट अक्षर एक वस्तू आहे की दोन, या प्रश्नाची दोन उत्तरं संगणक येण्याआधीच ठरलेली होती. विद्यापीठांतले बरेच प्रबंधकार तिसरंच उत्तर द्यायचे. ते रोमन टंकयंत्रावर मजकूर टंकून ग्रीकसाठी जागा मोकळी सोडत आणि नंतर शाईच्या पेनने हाताने भरत.

टीएलजीला हे चालणार नव्हतं. तिथे डेव्हिड डब्ल्यू. पॅकार्ड आला. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या संस्थापकाचा मुलगा, पण शिक्षणाने लॅटिन-ग्रीकचा अभ्यासक. हार्वर्डमध्ये असताना त्याने रोमन इतिहासकार लिव्हीची शब्दसूची संगणकावर बनवून १९६८ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्याने एक संगणकप्रणाली घडवली आणि तिला इबिकस या ग्रीक कवीचं नाव दिलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याने जी लेखनपद्धत ठरवली तिचं नाव बीटा कोड. टीएलजीने ती १९८१ मध्ये स्वीकारली.

बीटा कोड समजायला एक अक्षर पुरेसं आहे. ग्रीकमध्ये ‘ज्याला’ या अर्थाचा एक शब्द आहे, तो म्हणजे फक्त एक ओमेगा: वर हकाराची खूण, तिच्यावर सर्कमफ्लेक्स, आणि खाली आयोटा. बीटा कोडमध्ये तो असा टाइप होतो: आधी डब्ल्यू, कारण ते ओमेगासारखं दिसतं. मग उघडता कंस, तो हकार. मग बरोबरचं चिन्ह, तो सर्कमफ्लेक्स. शेवटी उभी रेघ, तो खालचा आयोटा. चार कळा: एक अक्षर आणि तीन खुणा, ठरलेल्या क्रमाने. अ‍ॅक्यूटसाठी तिरकी रेघ, ग्रेव्हसाठी उलटी तिरकी रेघ, हकार नसेल तर मिटता कंस. कंसांची निवड हुशारीची आहे, कारण हकाराची खूण खरंच उघडत्या कंसासारखी वळलेली असते. अक्षरांच्या निवडीत मात्र थोडी ओढाताण आहे: थीटाला क्यू मिळाला, झायला सी, ईटाला एच. जुन्या यंत्रांना फक्त मोठी रोमन अक्षरं येत असल्यामुळे ग्रीक मोठं अक्षर दाखवायला आधी एक तारा लावायचा, आणि तिथे क्रम उलटा: तारा, मग खुणा, मग अक्षर, कारण कागदावरही मोठ्या अक्षराच्या खुणा आधीच येतात.

दिसायला हे भयंकर होतं. प्लेटोचं एखादं पान बीटा कोडमध्ये पाहिलं, तर कुणी टाइपरायटरवर मांजर सोडलं की काय असं वाटावं. पण त्यात एक गोष्ट नव्हती, आणि तीच त्याची ताकद ठरली: अक्षर कसं दिसेल याबद्दल बीटा कोड अवाक्षर काढत नाही. काय लिहिलं आहे, एवढंच नोंदवतो. टीएलजीच्या मजकुराचं टंकन ज्यांनी केलं त्यांत आशियातल्या, ग्रीकचा गंधही नसलेल्या टंककांचा मोठा वाटा होता. त्यांना भाषा यावी लागली नाही. आकार ओळखला की कळ कोणती, हे त्यांना माहीत होतं. १९८५ मध्ये टीएलजीची सीडी निघाली आणि कुठल्याही विद्यापीठात बसून ग्रीक साहित्याचा भलामोठा भाग शोधता येऊ लागला. त्याच दशकात हार्वर्डमध्ये ग्रेगरी क्रेन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला पर्सियस हा डिजिटल ग्रंथालयाचा प्रकल्पही बीटा कोडवरच उभा राहिला.

टेक (TeX) या संगणकीय अक्षरजुळणीच्या प्रणालीच्या भक्तांनी आपली वेगळी चूल मांडली. सिल्व्हिओ लेव्ही याने १९८८ मध्ये टेकसाठी ग्रीक फॉन्ट दिले. तोच ओमेगा तिथे असा टाइप होतो: हकारासाठी ‘पेक्षा लहान’चं चिन्ह, सर्कमफ्लेक्ससाठी लाटेचं, मग डब्ल्यू, आणि शेवटी उभी रेघ. बीटा कोडशी ताडून पाहा. तिथे अक्षर आधी आणि खुणा मागून, इथे वरच्या खुणा आधी आणि अक्षर मागून. टंकयंत्रावर वाढलेल्या माणसाला दुसरं सोपं जातं, हाताने लिहिणाऱ्याला पहिलं, कारण हात आधी अक्षर काढतो आणि मग वर जातो. यावरून अभ्यासकांमध्ये जी तोंडाला तोंड लागली, ती आजतागायत थांबलेली नाही. माझं मत विचाराल तर अक्षर आधी. आघात कुठे येतो याचा विचार करायला तेवढाच वेळ मिळतो.

दरम्यान १९८४ मध्ये मॅकिन्टॉश आला, आणि पडद्यावर हवं ते अक्षर हवं तसं दिसू लागलं. इथे या कथेने एक चकवा देणारं वळण घेतलं. जॉर्ज वॉल्श आणि जेफ्री रस्टन या दोन अभ्यासकांनी मॅकसाठी ग्रीककीज बनवलं: ग्रीक फॉन्ट आणि त्याबरोबर कीबोर्डचा आराखडा. विंडोजवर विनग्रीक आलं, एसग्रीक आलं, बायबलच्या अभ्यासकांचा एसपी-आयोनिक आला. दरेकाचं तंत्र एकच. संगणकाला वाटायचं आपण रोमन अक्षर लिहितोय. फॉन्ट त्याच्या जागी ग्रीक चित्र दाखवायचा. फॉन्टमध्ये २५६ जागा. त्यांतल्या वापरण्याजोग्या त्याहून कमी. एवढ्यात अल्फाची २४, ओमेगाची २४, ईटाची २४ आणि बाकीचं कुटुंब कोंबायचं. मग कुणी मोठ्या अक्षरांची रूपं गाळली, कुणी खुणा सुट्या ठेवून अक्षरावर सरकवल्या. सुट्या खुणेची अडचण अशी की आयोटा अरुंद आणि ओमेगा रुंद. एकच खूण दोघांच्या मध्यावर बसेना. म्हणून त्याच खुणेच्या दोन-दोन आवृत्त्या, एक अरुंद अक्षरांसाठी आणि एक रुंद.

श्री-लिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये काम केलेल्या कुणाही मराठी माणसाला यापुढचं सांगायची गरज नाही. फॉन्ट असेल तर देवनागरी, नसेल तर इंग्रजी अक्षरांचा सडा. ग्रीकवाल्यांचं अगदी तेच झालं. लेखकाने एका फॉन्टमध्ये लिहिलेला लेख संपादकाकडे दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला, की ईस्किलसचं उद्धरण पूर्ण बिघडायचं, आणि त्यातही वाईट म्हणजे काही वेळा अर्धंच बिघडायचं: अक्षरं बरोबर, आघात भलतीकडे. प्रूफ वाचणाऱ्याला ग्रीक उत्तम येत नसेल तर ते तसंच छापून जायचं. त्या काळात माणसं देखणं ग्रीक पाहून इतकी खूश होती की आपण भाषा साठवत नाही आहोत, तिचं चित्र साठवतो आहोत, हे फारसं कुणाच्या मनात आलं नाही. कुरूप बीटा कोडमध्ये लिहिलेलं मात्र जसंच्या तसं सुरक्षित राहिलं.

ग्रीस देशात तोवर वेगळंच काही घडून गेलं होतं. १९८२ मध्ये पापँड्रेउ यांच्या समाजवादी सरकारने आधुनिक ग्रीकमधून जुन्या खुणा काढून टाकल्या. श्वासाच्या दोन्ही खुणा गेल्या, तीन आघातांऐवजी एकच उरला. त्याला टोनॉस म्हणतात. मुलांची वर्षं वाचतील, छपाईचा खर्च वाचेल, असे युक्तिवाद होते, आणि ते खोटे नव्हते. कडवट टीकाही झाली: संसदेत हा निर्णय रात्री उशिरा, मोजक्या सदस्यांच्या उपस्थितीत झाला, हे विरोधक अजून विसरलेले नाहीत. अथेन्सचं ‘एस्तिया’ हे दैनिक आजही जुन्या खुणांसकट छापलं जातं, ग्रीक चर्चही त्या वापरतं.

हा सुधार संगणकाच्या इतिहासात अगदी नको त्या मुहूर्तावर आला. ऐंशीच्या दशकात प्रत्येक भाषेसाठी संगणकीय मानकं ठरत होती. १९८७ च्या आयएसओ ८८५९-७ मध्ये ग्रीकला जागा मिळाली, पण ती नव्या ग्रीकला: एक टोनॉस, बस. मायक्रोसॉफ्टचा ग्रीक संचही तसाच. म्हणजे ग्रीक संगणकाला अधिकृतपणे येऊ लागलं, आणि त्याच क्षणी दोन हजार वर्षांचं ग्रीक साहित्य त्यातून बाहेर पडलं. ज्या अभ्यासकांना युरिपिडीस छापायचा होता, त्यांच्याकडे पुन्हा आपापले फॉन्टच उरले.

सगळ्या लिप्यांना सामावणारं मानक म्हणजे युनिकोड. त्याने हे दुरुस्त केलं, पण सरळपणे नाही. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत मूळ ग्रीक अक्षरं होती आणि जोडता येणाऱ्या सुट्या खुणा होत्या. १९९३ च्या पुढच्या आवृत्तीत, आयएसओच्या मानकाशी मेळ घालताना, विस्तारित ग्रीकचा एक स्वतंत्र खंड आला. त्यातल्या २५६ जागांपैकी २३३ भरल्या, बहुतेक तयार, खुणांसकट जुळवलेल्या अक्षरांनी. तो तीन खुणांचा ओमेगा तिथे १ एफ ए ७ या क्रमांकावर एकसंध आहे. आणि तोच ओमेगा चार तुकड्यांतही लिहिता येतो: ओमेगा, हकार, सर्कमफ्लेक्स, आयोटा. खिळा आणि टंकयंत्र, दोन्ही उत्तरं युनिकोडने स्वीकारली.

देवनागरी इथे सुटली. १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावरून देवनागरी युनिकोडमध्ये आली, आणि इस्कीने ‘कि’ आणि ‘की’ यांना वेगळे क्रमांक दिलेच नव्हते. क वेगळा, वेलांटी वेगळी. दोघांना एकत्र दाखवणं हे फॉन्टचं काम. सुरुवातीला फॉन्ट हे काम नीट करत नसत म्हणून आपण कुरकुर केली, पण मूळ निवड शहाणपणाची होती. ग्रीकच्या वाट्याला दोन्ही दगडांवर पाय आले. एकसंध आणि सुटं रूप एकच मानावं असा युनिकोडचा नियम आहे, आणि चांगली प्रणाली तो पाळते. पण सुट्या खुणांचा क्रम चुकला, म्हणजे हकाराच्या आधी सर्कमफ्लेक्स लिहिला, तर ते रूप मात्र वेगळं ठरतं. पडद्यावर बघून तुम्हाला ते कळेलच असं नाही. शोधात तो शब्द सापडला नाही की मग कळतं.

सगळ्यात वैतागवाणा घोळ टोनॉसचा. नव्या ग्रीकचा टोनॉस आणि जुन्या ग्रीकचा अ‍ॅक्यूट, ज्याला ग्रीक लोक ऑक्सिया म्हणतात, हे दोन वेगळे की एकच? युनिकोडने आधी टोनॉसला जागा दिली, मग विस्तारित खंडात ऑक्सियाला वेगळी दिली, आणि नंतर दोन्ही एकच समजा असं ठरवलं. पण एकदा दिलेला क्रमांक परत घ्यायचा नाही हा युनिकोडचा पक्का नियम. त्यामुळे दोन्ही राहिले. फॉन्ट घडवणाऱ्यांनी टोनॉस उभट काढला, ऑक्सिया तिरका. एकाच पानावर दोन वळणांचे अ‍ॅक्यूट दिसू लागले. गणिती आणि फॉन्टतज्ज्ञ यानिस हारालांबूस याने १९९९ मध्ये ग्रीक लिपीच्या युनिकोडीकरणावर जो लेख लिहिला, तो वाचताना त्याचा संताप ओळीओळीतून जाणवतो. विंडोजच्या ग्रीक पॉलिटॉनिक, म्हणजे सगळ्या जुन्या खुणा असलेल्या, कीबोर्डच्या आराखड्यात आजही टोनॉस आणि ऑक्सिया यांना वेगवेगळ्या कळा आहेत, आणि नवखा माणूस कधी ही दाबतो, कधी ती.

तो आराखडा मात्र एकंदरीत चांगला आहे, आणि तो विंडोजसोबत फुकट मिळू लागल्यावर अनेकांचे प्रश्न सुटले. विंडोज २००० बरोबर आलेल्या पॅलाटिनो लिनोटाइप या फॉन्टमध्ये जुन्या ग्रीकची सगळी अक्षरं होती. मॅकवरही असाच आराखडा आला. यात आघाताच्या कळा डेड की आहेत: दाबल्या की पडद्यावर काही उमटत नाही, पुढचं अक्षर दाबलं की दोन्ही एकत्र उमटतात. विंडोजमध्ये चौकोनी उघडता कंस म्हणजे सर्कमफ्लेक्स, मिटता म्हणजे ग्रेव्ह; अवतरणचिन्हाची कळ म्हणजे श्वासाची खूण, शिफ्टशिवाय ‘ह नाही’, शिफ्टसह ‘ह आहे’. हकार आणि सर्कमफ्लेक्स एकत्र हवे असतील तर अधिकचं चिन्ह. जोड्यांना स्वतंत्र कळा दिल्यामुळे एका अक्षराला दोनच ठोके लागतात. मात्र पहिले काही आठवडे कीबोर्डशेजारी कागद चिकटवावाच लागतो.

पण कीबोर्ड कितीही चांगला असला, तरी एक काम त्याच्याकडून होत नाही. ग्रीकमध्ये शब्दाच्या शेवटच्या स्वरावर अ‍ॅक्यूट असेल आणि त्यापुढे विराम न घेता दुसरा शब्द आला, तर तो अ‍ॅक्यूट ग्रेव्ह होतो. म्हणजे वाक्याच्या मधून एक शब्द उचलून आपल्या लेखात एकटा ठेवायचा असेल, तर आघात उलटवावा लागतो. कोशात तो शब्द अ‍ॅक्यूटने असतो, मजकुरात ग्रेव्हने. आणि काही छोटे शब्द असे आहेत की ते मागच्या शब्दाला चिकटतात आणि आपला आघात त्याच्यावर ढकलतात. मग त्या एका शब्दावर दोन आघात. व्याकरण बोटांत असल्याशिवाय हे बरोबर टाइप होत नाही. कॉपी-पेस्टने तर हमखास चुकतं. याच कारणाने टीएलजीसारख्या शोधयंत्रांना खुणांकडे दुर्लक्ष करून शोधण्याची सोय ठेवावी लागते.

आणखी एक चिमुकला घोळ सांगतो, कारण तो फार लोकांच्या लक्षात येत नाही. शब्दाचा शेवटचा स्वर गळाला की ग्रीकमध्ये तिथे अ‍ॅपॉस्ट्रॉफी येतो. तो ‘ह नाही’ या खुणेसारखाच दिसतो, आणि कोरोनिस नावाच्या आणखी एका चिन्हासारखाही. युनिकोडमध्ये या तिघांचे क्रमांक वेगळे. टाइप करणाऱ्याने जे हाताशी आलं ते घातलं. म्हणून इंटरनेटवरच्या ग्रीक मजकुरात एकाच शब्दाच्या शेवटी तीन वेगवेगळी चिन्हं सापडतात, आणि तिन्ही सारखीच दिसतात.

फॉन्टच्या बाबतीत गेली वीस-पंचवीस वर्षं मात्र सुकाळाची गेली. सिल संस्थेसाठी व्हिक्टर गॉल्टनीने जेंशियम बनवला, डेव्हिड पेरीने कार्डो. ग्रीककीजचं काम पुढे चालवणारे बर्कलीचे डोनाल्ड मॅस्ट्रोनार्ड यांनी न्यू अथीना युनिकोड. अथेन्सच्या ग्रीक फॉन्ट सोसायटीने जुन्या सुंदर वळणांना नवा जन्म दिला. त्यातलं एक, जीएफएस पोर्सन, केंब्रिजचे प्राध्यापक रिचर्ड पोर्सन यांच्या हस्ताक्षरावरून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडलेल्या खिळ्यांवर बेतलेलं आहे. पोर्सनला दारूचा नाद भारी होता असं सगळे सांगतात. अक्षर मात्र अतिशय स्थिर. हे फॉन्ट फुकट मिळतात. नव्वदच्या दशकात ग्रीक फॉन्टला दाम मोजलेल्या पिढीला याचं मोल अधिक कळतं.

टीएलजी २००१ मध्ये ऑनलाइन आला. मारिया पँटेलिया यांच्या हाताखाली त्या प्रकल्पाने युनिकोडकडे प्रस्तावही पाठवले: प्राचीन ग्रीक संगीतलिपी, जुनी अंकचिन्हं, हस्तलिखितांच्या कडेला संपादकांनी केलेल्या खुणा. २००५ च्या युनिकोड ४.१ मध्ये त्यांतली बरीच आली. हे प्रस्ताव तयार करताना यादी नव्याने शोधावी लागली नाही. बीटा कोडमध्ये वीसहून अधिक वर्षं टंकताना ज्या ज्या चिन्हासाठी संकेत द्यावा लागला होता, ती सगळी नोंद तिथे होतीच. आणि बीटा कोडमधला सगळा संग्रह युनिकोडमध्ये नेणं हे एका रूपांतरक प्रोग्रामचं काम ठरलं. नव्वदच्या दशकातल्या फॉन्टांत लिहिलेल्या प्रबंधांसाठी मात्र दर फॉन्टचा वेगळा रूपांतरक लागतो, आणि काही फॉन्टांसाठी तो कुणी कधी लिहिलाच नाही.

पॅकार्डची पद्धत कळफलकावरूनही गेलेली नाही. आज मिळणाऱ्या अनेक साधनांत डब्ल्यू, उघडता कंस, बरोबरचं चिन्ह आणि उभी रेघ अशी दाबत गेलं की पडद्यावर तोच ओमेगा एकेक खूण घेत युनिकोडमध्ये उभा राहतो. जे ऐंशीच्या दशकात इबिकससमोर बसून ग्रीक टंकायला शिकले, त्यांना दुसरं काही शिकावं लागलं नाही. आज कुणी नव्याने सुरुवात करणार असेल, तर मी सांगेन: संगणकातला ग्रीक पॉलिटॉनिक आराखडा चालू करा, नाहीतर बीटा कोडवाला घ्या, पण दोन्हींचं मिश्रण करू नका, ऑक्सिया आणि टोनॉसमधलं एक निवडा, आणि कुणाला काही पाठवण्याआधी मजकुराचं युनिकोड सामान्यीकरण करून घ्या. त्यात सगळे ऑक्सिया टोनॉस होतात, आणि शोधताना निदान तो घोळ उरत नाही.

सगळं जमलेलं नाही. छंदावर लिहिणाऱ्यांना आणि कोशकारांना अल्फा, आयोटा, उप्सिलॉन हे स्वर दीर्घ की ऱ्हस्व हे दाखवावं लागतं, त्यासाठी दीर्घ स्वरावर आडवी रेघ काढतात. पर्सियसने लिडेल आणि स्कॉटचा ग्रीक-इंग्रजी कोश संगणकात उतरवला तेव्हा अल्फानंतर अधोरेखेची कळ दाबून हे काम भागवलं. युनिकोडमध्ये आडव्या रेघेचा अल्फा एकसंध आहे, आघाताचा अल्फाही आहे. पण रेघ आणि आघात दोन्ही असलेला नाही. तिथे खूण सुटी जोडावी लागते, आणि रेघेवर आघात नीट बसेल असा फॉन्ट शोधावा लागतो. पॅलाटिनो लावून पाहा, कार्डो लावून पाहा, न्यू अथीना लावून पाहा. प्रत्येकात ती जागा वेगळी पडते.